खाडीवरची पाणपक्षी मोजणी: ठाणे, नवी मुंबईतून कोण कोण येणार?

खाडीकाठ (ऐरोली)
२ जानेवारी, रात्री ९:४०

मंडळी, जानेवारी उजाडला. या महिन्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात आशियाभर एकाच वेळी पाणपक्ष्यांची मोजणी होते. १९८७ पासून ती सुरू आहे आणि जवळजवळ सगळी हौशी माणसांच्या जिवावर चालते. आपण गेली काही वर्षं खाडीच्या दोन्ही काठांवरून गट करून मोजतो. यंदा माणसं कमी आहेत. दोघांची बदली झाली, एकीचं बाळ लहान आहे, आणि बाकीचे "बघतो" म्हणतायत. म्हणून हा धागा.

आपल्या दाराशी काय आहे ते आधी सांगते, कारण दर वर्षी कोणीतरी विचारतंच की इथल्या काळ्या पाण्यात मोजायचं काय. ऐरोली-वाशीच्या पट्ट्यातली १,६९० हेक्टर खाडी २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य झाली. मालवणनंतर राज्यातलं हे दुसरं सागरी अभयारण्य. २०२२ मध्ये ठाणे खाडी रामसर स्थळांच्या, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेली. फ्लेमिंगो तर सगळ्यांना माहीत आहेत. पण त्यांच्या पायाशी चिखलात जी करडी-तपकिरी गर्दी असते, ते टिलवे, तुतारी, चिखले, गॉडविट, त्यातले कित्येक सैबेरियातून येतात. टिलव्याचं वजन दोन-अडीच तोळे. त्यांच्याकडे कोणी कॅमेरा वळवत नाही. मला मोजायला माणसं हवी आहेत ती मुख्यतः यांच्यासाठी.

ठिकाणं नेहमीचीच: वाशीचं सागर विहार, ऐरोली, नेरूळला टी. एस. चाणक्य आणि एनआरआयची पाणथळ, सीवूड्सचा डीपीएस तलाव, ठाणे पूर्वेला कोपरी-चेंदणीचा किनारा, आणि जमलं तर विटावा. पक्षी ओळखता आले पाहिजेत अशी अट नाही. प्रत्येक गटात एक ओळखणारा असतो. दुसरा वेळ बघतो, तिसरा लिहितो. लिहिणाऱ्याचं अक्षर बरं असावं, एवढीच अपेक्षा.

कोण येणार, कुठून येणार, आणि दुर्बीण आहे का, ते सांगा.

---

पाणलावा (वाशी)
२ जानेवारी, रात्री १०:१५

मी आहे. सागर विहार माझं. स्कोप आणतो.

---

रोमात_असतो (घणसोली)
२ जानेवारी, रात्री ११:०२

इतकी वर्षं फक्त वाचतोय, पहिलाच प्रतिसाद. यायची इच्छा आहे, पण कावळा, घार आणि खंड्या यापलीकडे माझी मजल नाही. चालेल का?

---

खाडीकाठ
२ जानेवारी, रात्री ११:१०

@रोमात, पळेल. तुम्ही लिहिणारे. व्यक्तिगत निरोप (व्यनि) करते.

---

बेरीज_वजाबाकी (ठाणे पश्चिम)
३ जानेवारी, सकाळी ७:५०

उत्साहावर पाणी टाकायचं नाही, पण नोकरी आकड्यांची असल्यामुळे विचारल्याशिवाय राहवत नाही. समोर हजारो पक्षी, अर्धे चिखलात, अर्धे उडतायत. मोजणारा आयुष्यात पहिल्यांदा दुर्बीण धरतोय. एक जण म्हणणार पाच हजार, दुसरा म्हणणार आठ. अशा आकड्यांची बेरीज करून त्यावर "पक्षी वाढले", "पक्षी घटले" अशा बातम्या छापून येतात. याला शास्त्र कसं म्हणायचं?

दुसरं. समजा आकडा बरोबर आला. पुढे काय? २०२४ च्या उन्हाळ्यात नेरूळ-सीवूड्समध्ये फ्लेमिंगो मरून पडले. त्याच मे महिन्यात घाटकोपरला विमानाची धडक बसून जवळपास चाळीस गेले. मोजल्यामुळे त्यातला एक तरी वाचला का?

---

पाणलावा
३ जानेवारी, सकाळी ९:३०

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी देतो, दुसऱ्याचं खाडीकाठ देतील.

हजारोंचा थवा कोणी एक-एक करून मोजत नाही. आधी दहा पक्षी नीट मोजायचे आणि दहाचा तुकडा डोळ्यात किती जागा घेतो ते बघायचं. तसे दहा तुकडे म्हणजे शंभर. मग शंभराचा तुकडा थव्यावरून सरकवत न्यायचा. थवा सगळीकडे सारखा दाट नसतो, कडेला विरळ आणि मध्ये गच्च असतो, त्यामुळे तुकडा मध्ये लहान धरायचा. नवखा माणूस बहुतेक वेळा कमीच सांगतो, आणि मोठ्या थव्यात तर बराच कमी. हे एकदा कळलं की सुधारता येतं. घरी सराव करायचा असेल तर ताटात मूठभर तांदूळ पसरा, दहा सेकंद बघा, आकडा लिहा आणि मग मोजा. माझी मुलगी यात मला हरवते.

शिवाय दोघं वेगवेगळे मोजतात आणि एकमेकांना आकडा सांगत नाहीत. मोजून झाल्यावर कागद उघडायचे. फार तफावत असली तर परत. शंका राहिलीच तर थव्याचा फोटो काढून घरी संगणकावर टिंबं मारत बसायचं. कंटाळवाणं काम आहे, पण तुम्हाला आवडेल.

---

खाडीकाठ
३ जानेवारी, दुपारी १:२०

@बेरीज_वजाबाकी, तुमचा रोख बरोबर आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

एका दिवसाचा, एका माणसाचा आकडा घेऊन निष्कर्ष काढला तर ते शास्त्र नव्हे, मान्य. म्हणूनच आम्ही ठिकाण बदलत नाही, भरतीची वेळ बदलत नाही, आणि शक्यतो माणूसही बदलत नाही. पाणलावा दर वर्षी दहा टक्के कमी मोजत असेल, तरी दर वर्षी तो तेवढंच कमी मोजतो. दोन वर्षांतला फरक त्यामुळे खोटा ठरत नाही. (पाणलावा, हे उदाहरण आहे. रागावू नका.)

आणि आकड्यापेक्षाही यादी महत्त्वाची असते. ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद टाकताना शेवटी एक प्रश्न येतो: तुम्ही ओळखलेले सगळे पक्षी या यादीत आहेत का? "हो" म्हणता आलं की ती पूर्ण यादी. अशा यादीत जे नाही त्यालाही अर्थ येतो. कावळा, कबुतर, साळुंकी गाळून फक्त "खास" पक्षी लिहिले की तो अर्थ गेला. २०२३ साली भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा जो अहवाल आला त्यात ९४२ जातींचा विचार केला आहे. तो सुमारे तीस हजार पक्षीनिरीक्षकांच्या तीन कोटी नोंदींवर उभा आहे. एखादी जात किती टक्के याद्यांमध्ये दिसते, ते प्रमाण वर्षानुवर्षं वाढतंय की घटतंय, हा त्यातला मुख्य आधार. म्हणजे थवा पाच हजारांचा की आठ, यावर तिथं फारसं अडत नाही. त्या अहवालात स्थलांतरित किनारपक्ष्यांची घसरण स्पष्ट दिसते. २०२४ मध्ये जागतिक लाल यादीत कर्ल्यू सँडपायपर आणि ग्रे प्लोव्हर हे दोन्ही "असुरक्षित" गटात गेले. हे दोघेही आपल्या खाडीचे हिवाळी पाहुणे. जगभरातल्या अशाच मोजण्यांमधून ते कळलं. सैबेरियात जाऊन घरटी मोजणं कोणाला परवडतं?

मोजून एखादा पक्षी वाचला का, याचं सरळ उत्तर नाही असंच आहे. मोजणीने विमान थांबत नाही. पण तलाव बुजवायचा घाट घातला जातो तेव्हा "इथे पक्षी येतच नाहीत" हे वाक्य कागदावर पहिलं येतं. त्या वाक्याला उत्तर द्यायला तारीख, वेळ आणि आकडा लागतो.

---

बेरीज_वजाबाकी
३ जानेवारी, दुपारी २:०५

पूर्ण यादीचा मुद्दा पटला. याचा विचार केला नव्हता. पण तारीख-वेळ-आकडा दुधारी असतो. आता इथे विमानतळ सुरू झालाय. उद्या कोणी तुमचेच आकडे दाखवून म्हणेल, इतके मोठे पक्षी विमानांना धोका आहेत, हलवा त्यांना. मग?

---

पाणलावा
३ जानेवारी, दुपारी ३:४०

म्हणेलही. पण हलवणार कुठे? भरतीला चिखल पाण्याखाली जातो तेव्हा पक्ष्यांना टेकायला उथळ जागा लागते. आज ती नेरूळ-सीवूड्सला आहे. ती बुजवली तर पक्षी काही गुजरातला परत जात नाहीत, आसपास दुसरी जागा शोधत फिरतात, आणि ती जागा धावपट्टीच्या जवळही असू शकते. अभ्यासक हेच सांगत आलेत. म्हणजे पक्षी कुठे आणि किती वाजता बसतात, हे विमानवाल्यांनाही कळायला हवं. आकडे लपवून कोणाचंच भलं नाही.

---

सीवूड्सची_आजी (सीवूड्स)
३ जानेवारी, संध्याकाळी ६:१५

मला गुडघ्यांमुळे लांब चालवत नाही. पण आमच्या गच्चीतून तलाव पूर्ण दिसतो. रोज सकाळी चहा घेताना किती रोहित (फ्लेमिंगो) आहेत ते मी वहीत लिहिते. सुरुवातीला "खूप", "कमी" असं लिहायचे, नंतर नातवाने दहा-दहाचे गट करायला शिकवलं. कधी कधी महिनाभर एकही नसतो, तेव्हा शून्य लिहिते. ही वही कोणाच्या उपयोगाची आहे का? मोबाईलवर टाकायचं मला जमत नाही.

---

खाडीकाठ
३ जानेवारी, संध्याकाळी ६:३२

आजी, दंडवत घ्या.

आम्ही वर्षातून एकदा जाऊन जे करतो, ते तुम्ही रोज करताय. तेही एकाच जागेवरून, एकाच वेळेला, शून्यासकट. शून्य लिहायचा कंटाळा सगळ्यांनाच येतो. पक्षी दिसले नाहीत की लोक घरी जातात आणि नोंदच करत नाहीत. मग कागदावर असं दिसतं की तलाव कधी रिकामा नव्हताच. तलावात भरतीचं पाणी यायचे मार्ग तुंबले की पाणी साचतं, वर शेवाळ धरतं आणि पक्षी पाठ फिरवतात. ते नेमकं कधी घडलं हे सांगायला तुमच्या वहीसारखं दुसरं काही नाही.

नातवाला सांगा, ईबर्डवर "एकाच जागी उभं राहून केलेलं निरीक्षण" असा प्रकार निवडायचा, सुरुवातीची वेळ आणि किती मिनिटं ते टाकायचं. पक्ष्यांची नावं मराठीतही निवडता येतात. जुन्या तारखांच्या नोंदीही टाकता येतात. एक विनंती: फक्त रोहित नका लिहू. चहा संपेपर्यंत दिसलेलं सगळं लिहा, कावळ्यासकट.

---

सीवूड्सची_आजी
३ जानेवारी, संध्याकाळी ७:०५

कावळा तर गच्चीवर माझ्या बिस्किटासाठीच बसलेला असतो. लिहीन.

---

कॅमेरेवाला (खारघर)
३ जानेवारी, रात्री ९:५०

मी येईन, सहाशेची लेन्स आहे. एक विचारायचं होतं. मोजून झाल्यावर थवा उडवता येईल का एकदा? उडताना पंखांचा गुलाबी-काळा रंग जो दिसतो त्याला तोड नाही. ड्रोन पण आहे माझ्याकडे.

---

पाणलावा
३ जानेवारी, रात्री ९:५८

नाही.

---

पाणलावा
३ जानेवारी, रात्री १०:०६

जरा तुटक झालं, परत लिहितो. भरतीला पक्षी तलावात येतात ते विश्रांतीला. उडवलं की त्यांची ताकद खर्च होते, आणि ती भरून काढायला चिखल उघडा पडायची वाट बघावी लागते. मार्च-एप्रिलमध्ये तर लांबच्या प्रवासासाठी अंगात चरबी साठवत असतात, तेव्हा आणखीच वाईट. आणि मोजणीपुरतं बोलायचं तर उडालेला थवा शेजारच्या तलावात जाऊन बसतो आणि तिथला गट त्याला परत मोजतो. ड्रोन घरी ठेवा. अभयारण्यावर परवानगीशिवाय ड्रोन उडवला तर तुम्हीच अडचणीत याल.

पण तुमची लेन्स मात्र आम्हाला हवी आहे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीवाले (बीएनएचएस) पक्ष्यांच्या पायात कडी आणि कोड असलेल्या रंगीत पट्ट्या घालतात. दुर्बिणीतून रंग कळतो, अक्षरं कळत नाहीत. तुमच्या फोटोत ती वाचता येतील. एक वाचलेला कोड म्हणजे तो पक्षी कधी, कुठे पकडला होता ते सगळं हाती येतं.

---

चेंदणीकर (ठाणे पूर्व)
४ जानेवारी, सकाळी ८:२०

कड्यांवरून आठवलं. २०२२ मध्ये बीएनएचएसने इथल्या सहा फ्लेमिंगोंना उपग्रहाचे टॅग लावले होते, तीन लहान, तीन मोठे. नावंही दिली होती. एकाचं नाव सलीम, एकाचं हुमायून, आणि एकाचं चक्क "नवी मुंबई". आमच्या ठाण्याचं नाव कोणाला सुचलं नाही याचा सल अजून आहे. खाडी ठाण्याची म्हणे!

मोजणीला कोपरीकडून मी आणि आमचे बंधू. एक सूचना: ठाणे आणि भांडुप हा पश्चिम काठ. सकाळी सूर्य समोरून डोळ्यांत येतो, पक्षी नुसते काळे ठिपके दिसतात. आम्हाला दुपारनंतरची वेळ द्या. नवी मुंबईकरांना सकाळी पाठीमागून ऊन मिळतं, त्यांनी खुशाल सकाळी मोजावं.

---

खाडीकाठ
४ जानेवारी, सकाळी ८:४५

ऊन तुमच्या सोयीचं घेतलं तर भरती वेगळी पडते ना. दोन्ही काठ एकाच भरतीला मोजले नाहीत तर तेच पक्षी दोनदा येतील. सकाळीच करू. तुम्ही थोडे उत्तरेकडे तिरके उभे राहा आणि ज्यांची जात कळत नाही त्यांना "लहान किनारपक्षी, अनोळखी" असं लिहा. उगीच अंदाजाने नाव देण्यापेक्षा ते बरं.

---

दिवाळे_कोळी (बेलापूर)
४ जानेवारी, दुपारी १२:३०

बरेच दिवस वाचतोय, आज लिहितो. तुम्ही भरतीची वेळ मोबाईलवर बघता. आमचा आजा पंचांग बघून सांगायचा. तिथीला तीनाने गुणायचं, चाराने भागायचं, जो आकडा येईल तेवढे वाजता भरती पूर्ण. अष्टमी असेल तर आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा वाजता. पंचमीला पावणेचार. पुनवेला आणि अवसेला बाराच्या आत-बाहेर. शुद्ध असो की वद्य, हिशोब तोच. हे झालं समुद्राचं. खाडीत आत ऐरोली-ठाण्याकडे पाणी चढायला आणखी वेळ लागतो.

तर सकाळी उजेडात पूर्ण भरती पाहिजे असेल तर एकादशी ते त्रयोदशी बघा. एकादशीला सव्वाआठ, बारशीला नऊ, तेरशीला पावणेदहा. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी धड चढत नाही, चिखल पूर्ण झाकला जात नाही. मग तुमचे पक्षी तलावात येणारच नाहीत, खाडीतच बसतील. आणि तुम्ही म्हणाल पक्षी कमी झाले.

---

बेरीज_वजाबाकी
४ जानेवारी, दुपारी १२:४८

हे फार म्हणजे फारच सुंदर आहे. भरती रोज साधारण ४८-५० मिनिटं पुढे जाते, तिथीमागे पाऊण तास म्हणजे ४५. पंधरवड्याला तिथ्या पंधरा, त्यामुळे पाऊणपट केली की सव्वाअकरा, म्हणजे जवळपास बारा तासांचं चक्र पूर्ण. कागदावर मांडून बघितलं, भरतीच्या तक्त्याशी फारसा फरक पडत नाही.

---

पाणलावा
४ जानेवारी, दुपारी १:१५

भांगाचा मुद्दा लाखमोलाचा. जुन्या नोंदींमध्ये काही वर्षं आकडा एकदम पडलेला दिसतो, आणि तारीख बघितली तर अष्टमी-नवमी. यापुढे वहीत तिथीचा रकाना घालू या.

---

दिवाळे_कोळी
४ जानेवारी, रात्री ८:४०

रकाना घाला. पण आता कडू बोलतो, राग मानू नका.

आमच्याकडे पक्षी मोजायला माणसं येतात, फोटो काढतात, जातात. काही दिवसांनी एखादा फलक लागतो, इथे जाऊ नका, तिथे जाळं टाकू नका. गावातली जुनी माणसं म्हणतात, मोजणी झाली की बंदी आली. पक्षी आम्हाला नको असं नाही. पक्षी बसतो तिथे कोळंबी आहे हे आम्हाला तुमच्या आधी कळतं. पण निवट्या (चिखलात उड्या मारणारे मासे, मडस्किपर) कमी झाल्या, चिंबोरी बारीक झाली, बोई जाळ्यात येते ती कधी कधी रॉकेलसारखी वासते, हे कोणी मोजत नाही. रोहित वाढला की पेपरात येतं. निवटी गेली ते कुठे येतं?

---

खाडीकाठ
४ जानेवारी, रात्री ९:३०

दादा, राग कसला.

बंदीबद्दल मी तुम्हाला खोटा दिलासा देणार नाही. आमच्या नोंदी सगळ्यांना खुल्या असतात, त्या कोण कशासाठी वापरेल हे आमच्या हातात नाही. पण एक गोष्ट आमच्या हातात आहे. कोळ्यांच्या नोंदीही त्याच कागदावर असल्या तर कोणालाही फक्त पक्षी दाखवून निर्णय घेता येणार नाही.

आणि रोहित वाढला म्हणजे खाडी सुधारली, हे मलाही खटकतं. लहान रोहित पाण्यातलं बारीक निळं-हिरवं शेवाळ गाळून खातो. सांडपाण्यातून नायट्रेट-फॉस्फेट आलं की शेवाळ माजतं. नव्वदच्या दशकापासून हे पक्षी इथे मोठ्या संख्येने यायला लागले त्याला आपली घाणही कारणीभूत असावी, असं मानणारे अभ्यासक आहेत. बीएनएचएसच्या मोजणीत ते लाखाच्या वर भरले, आनंद आहेच. पण लाखभर रोहित आणि निवटी नाही, अशी खाडी निरोगी म्हणता येत नाही. उलट शिंपले-किडे खाणारे किनारपक्षी कमी झाले तर त्याचं कारण तुमच्या जाळ्यात आधी दिसेल.

तुम्ही रोज होडी काढता. किती वेळ जाळं होतं, काय आणि किती लागलं, एवढं जरी लिहून ठेवलंत तरी मी स्वतः येऊन महिन्याच्या महिन्याला उतरवून घेईन.

---

दिवाळे_कोळी
४ जानेवारी, रात्री १०:१०

लिहायचं पोराला सांगतो. तो मोबाईलवरच असतो दिवसभर. पण गावात विचारल्याशिवाय हो म्हणणार नाही. मोजणीच्या दिवशी मात्र मी येतो, माझ्या हिशोबाने पाणी येतंय की नाही बघायला.

---

अकरावी_सायन्स (कळवा)
५ जानेवारी, दुपारी ४:२०

नमस्कार, आम्ही चार मित्र येऊ का? सर्टिफिकेट मिळेल का? आणि पक्ष्यांमध्ये फार रस नाही, खेकडे आणि मडस्किपर आवडतात. त्यांची मोजणी असते का?

---

पाणलावा
५ जानेवारी, दुपारी ५:००

सर्टिफिकेट नाही, वडापाव मिळेल.

खेकड्यांसाठी आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर फोटो टाका. ठिकाण आणि तारीख असली की पुरे, नाव नाही आलं तरी जाणकार सुचवतात. मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यांवर २०१७ पासून "मरीन लाइफ ऑफ मुंबई"ची मंडळी ओहोटीला लोकांना घेऊन फिरतात, त्यांच्या नोंदी तिथे बघायला मिळतील. शिवाय एप्रिलच्या शेवटी सिटी नेचर चॅलेंज असतं, त्यात जे दिसेल ते टाकायचं, किड्यापासून कोल्ह्यापर्यंत.

पण आपल्या खाडीत खडक नाही, चिखल आहे. त्यात उतरायचं नाही. गुडघाभर वाटतो तो कमरेपर्यंत जातो, आणि पाणी मागून येतं ते कळत नाही. जेट्टीवरून किंवा बांधावरून जे दिसेल तेच. निवट्या तर बांधाच्या कडेलाच उड्या मारत असतात.

---

रोमात_असतो
५ जानेवारी, संध्याकाळी ६:४५

अवांतर: कोल्ह्याचा उल्लेख झाला म्हणून. आमच्याकडे खारफुटीत रात्री कोल्हेकुई ऐकू येते. सोसायटीतले काही जण त्याला चिकन टाकतात. हे योग्य का?

---

खाडीकाठ
५ जानेवारी, संध्याकाळी ७:२०

अजिबात नाही. माणसाच्या हातचं खायला लागला की तो गेटपर्यंत येतो, तिथे भटकी कुत्री असतात, चावाचावी होते, आणि रेबीजचा धोका दोन्हीकडून. तो चिंबोऱ्या, उंदीर खाऊन मजेत असतो. जखमी किंवा विचित्र वागणारा दिसला तर जवळ जाऊ नका, वनविभागाच्या १९२६ वर कळवा. जखमी पक्ष्यासाठीही हाच क्रमांक. नुसता दिसला तर वेळ आणि जागा लिहून ठेवा, पण नेमकी जागा समाजमाध्यमांवर टाकू नका.

---

कॅमेरेवाला
५ जानेवारी, रात्री ९:१५

ड्रोन घरी. लेन्स घेऊन नेरूळला येतो. लहान आणि मोठा रोहित फोटोत कसा ओळखायचा ते सांगा, म्हणजे चुकीची नावं टाकणार नाही.

---

पाणलावा
५ जानेवारी, रात्री ९:३३

चोच बघा. मोठ्याची चोच फिकट गुलाबी आणि फक्त टोक काळं. लहानाची गडद लाल, लांबून काळीच वाटते. दोघं शेजारी उभे असले तर प्रश्नच नाही, मोठा एक मान उंच असतो. अंगाच्या रंगावर जाऊ नका. पिल्लं दोघांचीही राखी-तपकिरी असतात, त्यांना वेगळ्या रकान्यात लिहायचं. यंदाच्या पिल्लांचं प्रमाण किती, यावरून कच्छच्या रणात वीण कशी झाली याचा अंदाज येतो.

---

बेरीज_वजाबाकी
६ जानेवारी, सकाळी ७:३०

मी येतोय. तांदळाचा सराव केला. पहिल्या ताटात १४० म्हणालो, निघाले २३१. बायको म्हणते खिचडीला तरी नीट मोजत जा.

ठाणे-नेरूळ लोकलने किती वाजता निघावं लागेल? आणि जुन्या नोंदी कोणी पाठवल्या तर तिथीप्रमाणे मांडून बघतो, भांगाची वर्षं बाजूला काढून.

---

खाडीकाठ
६ जानेवारी, सकाळी ९:००

जुन्या नोंदी मेलवर पाठवल्या. काहींवर पाऊण पान चहाचे डाग आहेत, सांभाळून घ्या.

गट असे: सागर विहार – पाणलावा, रोमात. ऐरोली – मी, अकरावीतले चौघे (पालकांची परवानगी लेखी आणा). नेरूळ – कॅमेरेवाला, बेरीज_वजाबाकी, दिवाळे_कोळी. कोपरी – चेंदणीकर बंधू. डीपीएस तलाव – आजी गच्चीवरून, नातू खाली रस्त्याच्या बाजूने. दोघांनी आकडे एकमेकांना सांगायचे नाहीत.

सगळ्यांनी पूर्ण भरतीच्या पाऊण तास आधी जागेवर असावं. नेरूळवाल्यांनी पहिली-दुसरी लोकल पकडावी, स्टेशनवरून रिक्षा मिळते. भडक कपडे नकोत. टोपी, पाणी, पेन्सिल आणा. विटाव्याला अजून कोणी नाही.

---

दिवाळे_कोळी
६ जानेवारी, सकाळी ११:२५

विटाव्याला माझा मेव्हणा राहतो. पक्ष्यांची नावं त्याला आमच्या भाषेत येतात, तुमच्या यादीत बसवून घ्या. त्याच्याकडे दुर्बीण नाही.

---

पाणलावा
६ जानेवारी, सकाळी ११:४०

माझी जुनी आठ बाय बेचाळीस पडून आहे, एका बाजूचं फोकस जरा अडकतं. आज ऑफिस सुटल्यावर कळव्याला उतरून देतो. त्यांचा नंबर व्यनि करा.